गुहागरच्या घराला जमिनीतला हीट पंप नको, हवेवरचा घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर जांभ्याचं घर, पर्यटकांसाठी चार खोल्या, आवारात विहीर. मुलाच्या जर्मनीतल्या घराला जमिनीत नळ्या पुरलेला हीट पंप ऊब देतो. तसाच इथे बोअर मारून बसवला तर गरम पाणी आणि थंड खोल्या दोन्ही साधतील का?

बोअर मारू नका. हीट पंप उष्णता तयार करत नाही, एका जागची उचलून दुसरीकडे नेतो. जिथून उचलायची ती जागा जितकी गरम, तितकी वीज कमी लागते. जमिनीत दहा-बारा मीटर खाली वर्षभर तापमान जवळपास एकच राहतं, आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. जर्मनीत ते साधारण १० अंश. जानेवारीत बाहेर उणे ५ असताना जमिनीतले ते १० अंश फार मोलाचे, म्हणून तिकडे बोअरचा खर्च पटतो. आपल्या किनारपट्टीवर सरासरी २७ च्या आसपास, म्हणजे जमीनही २७-२८. हवा मात्र थंडीतसुद्धा दुपारी ३० च्या पुढे जाते. दुपारी १२ ते ४ यंत्र चालवलं तर फुकटची हवाच जमिनीपेक्षा गरम मिळते. विहिरीच्या पाण्यातून उष्णता घेतली तरी तेच, वर एक पंप जास्त चालवायचा.

शिवाय चांगल्या, ओल्या खडकात बोअरच्या दर मीटरमागे ४०-५० वॅट उष्णता मिळते. तुम्हाला लागणाऱ्या यंत्रासाठी ५०-६० मीटर तरी बोअर, त्यात नळी, भोवती बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा भराव. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी खाली गेली की वरचा जांभा कोरडा पडतो, आणि कोरडा सच्छिद्र दगड उष्णता धड वाहून नेत नाही. खोल्या थंड करायला तर हा मार्ग आणखी वाईट. तिकडे हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतात आणि उन्हाळ्यात परत भरतात. आपण बारा महिने नुसती भरतच राहणार, म्हणजे बोअरभोवतीची जमीन वर्षागणिक तापत जाणार. थंडाव्यासाठी आधी कौलांखाली उष्णतारोधक छत करून घ्या, मग इन्व्हर्टर एसी.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे, म्हणजे गरम पाण्याकडे. हवेवर चालणारा हीट पंप इथे उत्तम चालतो. हिशोब असा: एका माणसाच्या अंघोळीला ४० अंशांचं ५० लिटर पाणी धरा. टाकीत ५५ अंश आणि नळाला २७ अंश असेल, तर त्यात गरम पाणी फक्त २३ लिटर. दहा माणसांचे २३०, स्वयंपाकघराचे ५०, म्हणजे ३०० लिटरची टाकी पुरते. ३०० लिटर २७ वरून ५५ वर न्यायला ९.८ युनिट उष्णता लागते. गिझर तेवढीच वीज खातो. हीट पंपाचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, ३.५ धरला तर २.८ युनिट. साडेतीन किलोवॅट उष्णता देणारं यंत्र हे काम तीन तासांत करतं आणि वीज ओढतं एका किलोवॅटच्या आसपास. सकाळी आठला चार खोल्यांत ३ किलोवॅटचे चार गिझर एकदम लागले तर १२ किलोवॅट, म्हणजे ५० अँपिअरच्या वर. गावातल्या सिंगल फेजवर ते झेपणारं नाही. माझ्या मते बिलापेक्षाही हा फायदा मोठा आहे. पण वर्षात शंभरएक दिवसच पाहुणे असतील, तर सातशे युनिटच वाचतील. ते तुमच्या बिलातल्या दराने गुणून मगच किंमत मोजा.

यंत्र कुठे बसवता यावर त्याचं आयुष्य ठरतं. आतल्या कॉइलला तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पापण्या असतात. खारा वारा आणि दमट हवा मिळाली की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. पापणीवर आधी पांढरी भुकटी दिसते, मग बोट लावलं तरी ती मोडते. म्हणून यंत्र घराच्या समुद्राकडच्या बाजूला कधीच नको. पूर्वेकडच्या पडवीत ठेवा, समोर दीड-दोन मीटर मोकळं. पापण्यांवर इपॉक्सीचा लेप असलेलं मॉडेल मागा. दर पंधरा दिवसांनी ब्रेकर पाडून साध्या पाण्याने, कमी दाबाने, वरून खाली धुवा. प्रेशर वॉशर वापरला तर पापण्या आडव्या होतात. यंत्रातून बाहेर पडणारी हवा गार आणि कोरडी असते. ती कोठीघरात सोडली तर पाऊण टनाच्या एसीइतका गारवा मिळतो. पावसाळ्यात तासाला लिटर-दीड लिटर पाणी गळतं, त्याची नळी उतार देऊन बाहेर काढा.

सगळ्यात जास्त गोंधळ नळजोडणीत होतो. ३०० लिटर पाणी २७ वरून ५५ वर गेलं की साधारण ३.३ लिटरने फुगतं. प्लंबर थंड पाण्याच्या नळीवर एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकतो, आणि मग त्या फुगलेल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह रोज टपकतो, कुणीतरी वैतागून त्याला प्लग मारतो, आणि टाकीचा सांधा उकलतो. वरच्या टाकीच्या नुसत्या उतारावर पाणी येत असेल तर गरम पाण्याच्या नळीवर हवेची नळी काढून ती वरच्या टाकीच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर उंच न्या. प्रेशर पंप असेल तर एक्स्पान्शन टँक, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी, हवीच. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका. गरम पाण्याला सीपीव्हीसीची (उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) नळी, त्यावर १३ मिलिमीटर नायट्राइल रबराचं वेष्टण. पाऊण इंची नळी १५ मीटर लांब असेल तर गरम पाणी येण्याआधी चार लिटर गार पाणी वाया जातं, म्हणून टाकी न्हाणीघरांच्या मधोमध असावी.

पाणी तपासल्याशिवाय टाकी घेऊ नका. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा हलकं, पण किंचित आम्लधर्मी, त्यात तांब्याला हिरवट डाग पडतात. पुळणीतल्या विहिरीत शिंपल्यांच्या चुन्याने पाणी जड होतं. मे महिन्यात खारेपणा वाढतो, म्हणून नमुना मेमध्येच द्या, पावसाळ्यात नको. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर ३०४ स्टेनलेसची टाकी जोडाच्या ठिकाणी भोकं धरते. काचेचा थर असलेली टाकी घ्या, आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड, जो टाकीऐवजी स्वतः झिजतो. पहिल्यांदा सहा महिन्यांनी काढून बघा, पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदला.

वीजजोडणीत दोन गोष्टी. टाकीतल्या बॅकअप हीटरला वेगळा स्विच ठेवा. कॉम्प्रेसर बंद पडला की बरीच यंत्रं गुपचूप हीटरवर चालतात आणि कळतं ते बिल आल्यावर. दुसरं, कोरड्या जांभ्यात अर्थिंग लागत नाही. खड्डा विहिरीच्या ओलाव्याजवळ घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि विजांसाठी सर्ज अरेस्टर लावा. व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल तर स्टॅबिलायझर, वीज परत आल्यावर तीन मिनिटं थांबणारा. यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाच्या डब्यात मुंग्या आणि पाली शिरून शॉर्ट करतात, केबलची सगळी भोकं ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा. गॅस शक्यतो आर १३४ए. गाड्यांच्या एसीतही तोच भरतात, त्यामुळे चिपळूणचा मेकॅनिकसुद्धा दुरुस्ती करू शकतो.

रोजचं तापमान ५०-५५ ठेवा, आठवड्यातून एकदा ६० वर न्या, नाहीतर कोमट टाकीत जंतू वाढतात. पाहुणे नसलेल्या महिन्यांत ब्रेकर पाडून टाकी रिकामी ठेवा. पुन्हा सुरू करताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा, त्यातून सलग धार आली की मगच वीज द्या. कोरड्या टाकीत हीटर मिनिटभरात जळतो.