डबा रिकामाच परत करा

ताई, सलाम.

मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगरला राहते. अडीच वर्षांपूर्वी यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. तेव्हापासून यांचं सगळं मीच करते. मुलगा पुण्याला असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याचं त्याला पुरे झालंय, म्हणून त्याला काही सांगत नाही. कोणाचं मिंधं राहणं मला जमत नाही. सुरुवातीला चर्चच्या मंडळीतल्या बायका दर बुधवारी डबा आणायच्या, तेही 'प्रभूच्या कृपेनं काही कमी नाही' असं सांगून मी थांबवलं. रोज पहाटे बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचते. कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. ईस्टरला मंडळीपुढे याच वचनावर साक्षही दिली. पण रात्री तीनला यांची चादर बदलताना इतका संताप येतो की परवा पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. हे नुसते बघत राहिले. मग मी रडले. मला समाधान का मिळत नाही? माझा विश्वास कमी पडतोय का?

एक विश्वासणारी

*

बाई, सलाम. शाळेत शिकवत होतात, म्हणून बाईच म्हणते.

तांब्याचं आधी उरकून टाकू. रात्री तीनला उठून ओली चादर ओढताना ज्या कोणाला समाधान वाटतं त्यांचा पत्ता मला पाठवा, मी दर्शनाला जाईन. मिस्टरांची माफी मागा, बोलता येत नसलं तरी त्यांना कळतं. तांब्याला पोचा पडला असेल तर पडू दे.

तुमच्या विश्वासाला किती मार्क द्यायचे तेही मला विचारू नका. मी चर्चची पाळक नाही आणि तुमचा पेपर माझ्याकडे आलेला नाही. मी अडकलेय ती दुसऱ्याच वाक्यापाशी. सगळ्या पत्रात एकच ओळ दिलीत त्याला: बुधवारचा डबा. 'तेही थांबवलं' म्हणालात, जणू घरातला गळका नळ दुरुस्त केला.

चौथा अध्याय रोज वाचता ना? मग मला सांगा, थांबता कुठे? माझा अंदाज, तेराव्या वचनापाशी. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, इथे. सगळे तिथेच थांबतात. कॅलेंडरवर तेवढंच छापतात, घराघरातल्या भिंतीवरच्या फ्रेमीत तेवढंच असतं. आज जरा पुढे जा. चौदाव्या वचनात पौल लगेच म्हणतो, तरीपण तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. आणि मग पंधरा, सोळा, सतरा, अठरा, सगळीकडे हिशेब. कोणी दिलं, किती वेळा दिलं, कोणाच्या हाती पाठवलं.

हे पत्र मुळात लिहिलंय कशासाठी? पौल कैदेत होता. रोमला, इसवी सन ६०-६२ च्या सुमारास, असं परंपरा सांगते; काही अभ्यासक इफिस म्हणतात, काही कैसरिया. ते कुठेही असो, त्या काळच्या कैदेत सरकार पोटाला घालेल असा भरवसा नसायचा. बाहेरचं कोणी काही आणून देईल त्यावर कैद्याचं भागायचं. फिलिप्पै हे मासेदोनियातलं गाव, आजच्या उत्तर ग्रीसमधलं. तिथल्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाला मदत देऊन पाठवलं. रोमच धरलं तर वाट हजार किलोमीटरच्या वर, रस्त्यानं आणि जहाजानं. तो बिचारा आजारी पडून मरणाच्या दारात जाऊन आला. बरा झाल्यावर पौलानं त्याला घरी परत पाठवलं, आणि त्याच्यासोबत हे पत्र.

अठराव्या वचनात 'मला सगळं मिळालं आहे' असं पौल लिहितो. तिथला ग्रीक शब्द त्या काळच्या व्यवहारात पावतीवर लिहायचे. रक्कम पोचली, अशा अर्थी. म्हणजे बाई, पहाटे उठून तुम्ही जे वाचता ती डबा पोचल्याची पावती आहे. ती हातात धरून तुम्ही डबेवाल्या बायकांना दारातून परत पाठवलंत.

आता म्हणाल, पौलाचं वेगळं. तर ऐका. मिंधेपणाचं वावडं त्याला तुमच्याहून जास्त होतं. तंबूचं काम करून तो स्वतःच्या हातानं कमवायचा. करिंथात त्यानं तिथल्या मंडळीवर आपला भार पडू दिला नाही, आणि हे तो जरा ताठ मानेनंच सांगतो. फिलिप्पैकरांशी मात्र देण्याघेण्याचा व्यवहार ठेवला. का, ते तो सांगत नाही. मला आपलं वाटतं की त्या गावानं त्याला पहिल्या दिवसापासून नाही म्हणूच दिलं नाही. जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया तिथेच राहायची. बाप्तिस्मा झाल्यावर 'माझ्या घरी येऊन राहा' म्हणून तिनं असा धोशा लावला की पौलाला आणि सोबत्यांना जावंच लागलं. पुढे त्याच गावात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, आणि त्याच रात्री तुरुंगाच्या नायकानं त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन पानं वाढली. पाठीवरचे वळ दुसऱ्याला धुऊ द्यायला किती अवघड जात असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको. अडीच वर्षं तुमचे मिस्टर रोज तेच करताहेत.

पौल म्हणतो, मी शिकलो. तुम्ही 'समाधान मिळत नाही' म्हणता, जणू ते पोस्टानं यायचं राहिलंय. तो शिकलेली गोष्ट सांगतोय, आणि त्याच्या शिकण्यात उपाशी राहणं जसं आहे तसं भरल्या ताटावर बसणंही आहे. उपाशी राहायला तुम्ही शिकलात. त्या वर्गात पहिल्या आलात. दुसऱ्या वर्गात नावच घातलं नाहीत. आपण मास्तरणी सगळ्या अशाच, शिकवायला एका पायावर तयार, शिकायची वेळ आली की नेमकं काहीतरी काम निघतं.

आणि त्या बायकांचं काय? सतराव्या वचनात पौल म्हणतो, मला देणगीची हाव नाही, तुमच्या खात्यावर फळ वाढावं एवढंच मला हवंय. ते खातं तुम्ही परस्पर बंद करून टाकलंत. कोणीतरी बुधवारी सकाळी मूठभर जास्तीचा तांदूळ धुतला असेल, एक वाटी जास्तीचं वाटण वाटलं असेल. 'काही कमी नाही' ऐकून ती गरम डबा तसाच घेऊन परत फिरली. तुम्हाला ती कृपेची साक्ष वाटली. तिला दार लावल्याचा आवाज ऐकू आला. ईस्टरच्या साक्षीचंही तेच. त्या दिवशी किती जणींनी आपापला पोचे पडलेला तांब्या पदराआड लपवला असेल, कोण जाणे. याच पत्रात पौलानं आपण रडत लिहितोय हे लपवलेलं नाही. एपफ्रदीत दगावला असता तर दुःखावर दुःख झालं असतं, हेही तो लिहून टाकतो. तुमच्याइतकं 'ठीक आहे' त्याला जमलं नाही.

मुलाची तक्रार तुम्ही केलेली नाही, पण 'त्याचं त्याला पुरे झालंय' या वाक्यात ती आहे. त्याला काही न सांगता त्याला काही कळत नाही म्हणायचं, हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. तो पुढच्या खेपेला आला की बघू.

माझं सांगते. मागे पाय मोडून मी दीड महिना पलंगावर होते. शेजारीण पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी घेऊन आली. स्टीलचा डबा, झाकणावर तिच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, त्यांच्या लग्नाचं साल असलेलं. मी खाल्लं, डबा घासून घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला. रिकामा कसा द्यायचा? आईची शिकवण, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी. आणि चिमूटभर साखर घालून देणं म्हणजे लोक काय म्हणतील. पाय बरा झाला की काहीतरी चांगलं करून देऊ, असा माझा बेत. आठ दिवस डबा माझ्याकडेच. नवव्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून दारात उभी. "डबा अडकवून ठेवलायस, उद्याचं कशात आणू?"

मी त्या दिवशी जी खजील झाले ती आजतागायत. आठ दिवस मी स्वतःला सभ्य समजत होते.

पौलाकडे परत द्यायला काय होतं? काही नाही. एकोणिसाव्या वचनात तो म्हणतो, माझा देव तुमची सगळी गरज पुरवील. आपल्या भाषेत सांगायचं तर डबा घासून रिकामाच परत केला आणि वर 'तुमचं देव बघेल' म्हणाला. चिमूटभर साखरसुद्धा नाही.

तेव्हा तुम्हाला एकच काम. हे वाचून झालं की स्त्री मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावा. प्रस्तावना नको, तब्येतीचं पुराण नको, आणि 'प्रभूच्या कृपेनं' हे शब्द तर या फोनपुरते बंद. म्हणायचं, "बुधवारी डबा लागेल." ती विचारेल, काय झालं? म्हणायचं, "मी थकलेय." फोन ठेवायचा. बुधवारी दार उघडं ठेवा. जी येईल तिला आत घ्या, तीनच्या रात्रीचा विषय काढायचा असेल तर काढा, नसेल तर नका काढू. चहा टाकायला उठू नका. ती उठली तर साखर कुठे आहे तेवढं बसल्या जागेवरून सांगा.

डबा धुऊन त्याच दिवशी परत जाऊ दे. रिकामा. ना लाडू, ना लिंबाचं लोणचं, ना साखर. हात शिवशिवतील, मला माहीत आहे. पुढच्या बुधवारीही रिकामाच, आणि त्याच्या पुढच्याही.

काय आलं होतं ते मला कळवा. दुधी भोपळा असेल तर तुमच्याबरोबर मीही थोडी कुरकुर करीन.