पोस्टर-चित्रकार रोमान चेश्लेविचचं पोलंडमधलं काम सरस की पॅरिसला गेल्यानंतरचं?

एकच निवडायचं तर मी पॅरिस म्हणेन. पण त्या कामाची मुळं वॉर्सातच आहेत.

चेश्लेविचचा जन्म १९३० चा, ल्वूफमधला. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होतं. आज ते युक्रेनमधलं ल्विव. क्राकूफच्या कला अकादमीतून १९५५ मध्ये शिकून तो वॉर्साला आला. तिथे सिनेमाचं वितरण सरकारी होतं. त्यामुळे तिकिटं खपवायची घाई नाही, की ‘हिरोचा तोंडावळा मोठा करा’ म्हणून मानगुटीवर बसणारा निर्माता नाही. सेन्सॉर होताच, पण मांडणीत चित्रकाराला बराच मोकळा हात मिळे. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या सिनेमाच्या पोस्टरवर याने सरळ कवटी दिली. नायक जेम्स स्टुअर्टही नाही आणि नायिका किम नोव्हाकही नाही! आपल्याकडच्या निर्मात्यापुढे असं पोस्टर ठेवून बघा, चहासुद्धा मिळायचा नाही.

१९६३ मध्ये तो शिल्पकार आलिना शापोच्निकोव्हबरोबर पॅरिसला गेला. पुढे ‘एल’ या फॅशन मासिकाचा कलादिग्दर्शक झाला, जाहिरात संस्थेतही होता. पोटापाण्याचं ते काम नेटकं आहे, पण त्यात मी फार रमत नाही. खरी गंमत ‘ओपुस इंटरनॅशनल’ या कलाविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठांत आहे. एकावर चे गेव्हाराचा तो सगळ्यांना पाठ असलेला चेहरा, पण डोळे-नाकाच्या जागी ‘चे सी’ (म्हणजे ‘चे, हो’) ही अक्षरं. दुसऱ्यावर एकाच साच्यातले दोन सुपरमॅन: एकाच्या छातीवर यूएसए, दुसऱ्याच्या छातीवर सोव्हिएत संघाची आद्याक्षरं. शीतयुद्धावर यापेक्षा नेमकं भाष्य मी तरी पाहिलेलं नाही.

त्याची रीत ऐकायला सोपी वाटते. छापील फोटो घ्यायचा, छपाईचे ठिपके उघडे पडेपर्यंत मोठा करायचा, मधोमध कापायचा आणि एकच अर्धा भाग आरशातल्यासारखा उलटून शेजारी जोडायचा. काप थोडा इकडेतिकडे सरकवला की दोन डोळ्यांचा माणूस एकडोळ्या राक्षस होतो. फोटोशॉपच्या कितीतरी आधीचं हे काम, कात्रीने केलेलं. आता कुणीही दोन मिनिटांत करील. कुठे कापायचं हे मात्र त्यालाच कळायचं.

पॅरिसमधल्या पॉम्पिदू कलाकेंद्राच्या ‘पॅरिस-बर्लिन’ आणि ‘पॅरिस-मॉस्को’ प्रदर्शनांची पोस्टरंही त्याचीच. १९९६ मध्ये तो पॅरिसमध्येच वारला. बघायला सुरुवात करणार असाल तर आधी ही मुखपृष्ठं, मग वॉर्साची पोस्टरं असा उलटा क्रम घ्या. आणि मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा, नाहीतर ते ठिपके दिसणारच नाहीत.