मारुतीचं इंजिन लावून घरीच अवाढव्य मोटारसायकल बनवता येईल का?

मामाच्या गॅरेजात मारुती ८०० चं इंजिन पडून आहे, त्यावर राक्षसी मोटारसायकल उभी करायची म्हणताय. जरूर करा! मी रत्नागिरीत मच्छीमार बोटींची इंजिनं बसवतो. ट्रकचं इंजिन ट्रॉलरमध्ये चढवणारे मिस्त्री कोकणातल्या बंदरांत आहेत, त्यामुळे हाताला हात मिळेल. ब्राझीलमध्ये परदेशी मोटारसायकलींची आयात बंद होती, तेव्हा तिथल्या लोकांनी फोक्सवॅगन बीटलचं १६०० सीसीचं इंजिन लावून ‘अमेझोनास’ बनवली, १९७८ पासून विकलीसुद्धा. गिअरबॉक्स मोटारीचाच, म्हणून तिला रिव्हर्सही होता. एवढं धूड मागे ढकलायला तो लागतोच.

इंजिनाची काळजी नको. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ हॉर्सपॉवर, भरपूर झालं. खरं काम त्याच्या मागे आहे. ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा जोड, गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, पुढच्या दोन चाकांसाठी. तुम्हाला चाक एकच फिरवायचंय. म्हणून मारुतीचीच ओम्नी व्हॅन शोधा. इंजिन त्याच घराण्यातलं, पण उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, आणि शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो. मागचा ॲक्सल कापून आखूड करा, डिफरन्शियल वेल्डिंगने लॉक करा, एका टोकाला स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) लावून चेनने चाक फिरवा. लेथवाला मात्र जाणता हवा. स्प्रॉकेटची रेघ चुकली तर चेन तुटते, आणि तुटलेली चेन पाय फोडते. तिच्यावर जाड पत्र्याचं गार्ड हवंच.

क्लच हाताला जड जाईल, तो पायाशीच ठेवा. उभ्या इंजिनाची रेस वाढवली की गाडी एका बाजूला झुकते, याची सवय करून घ्या. रेडिएटरला पंखा हवा.

आणि गंज! बोटीला लावतात तो जस्ताचा तुकडा इथे काही कामाचा नाही, तो पाण्यात बुडालेला असेल तरच राखतो. खारा वारा चेसिसच्या पाइपात शिरू नये म्हणून टोकं वेल्डिंगने बंद करा आणि पावसाळ्याआधी रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारा.

रस्त्यावर मात्र आणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालत नाही. दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घरचा सडा, म्हणजे कातळाचं माळरान, असेल तर तिथे मनसोक्त फिरवा.

भंगारातून नुसतं इंजिन उचलू नका, अख्खी ओम्नी घ्या. शाफ्ट, पेडल, रेडिएटर, वायरिंग, सगळं एकमेकांना जुळणारं मिळतं.