हक्काची विल्हेवाट नेमकी कशाने लागते?

प्रश्न : 1998 साली माझ्या लग्नाच्या वेळी वडील हयात असताना ‘मला वडिलांच्या मिळकतीत काही नको’ असे साध्या कागदावर लिहून माझी सही घेण्यात आली. जमीन वडिलांनी स्वकमाईतून खरेदी केलेली होती. 2021 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. त्यानंतर भावांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हक्कसोडपत्र तयार करून नोटरीपुढे माझी सही घेतली व सातबाऱ्यावरून माझे नाव कमी झाले. मी वाटपाचा दावा लावला आहे. ‘तुझ्या हक्काची विल्हेवाट केव्हाच लागली, आता दावा काढून घे, मग बघू’, असे भाऊ म्हणतात. कायद्याच्या भाषेत विल्हेवाट लागणे म्हणजे काय?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : बोलीत आपण विल्हेवाट कचऱ्याची लावतो, त्यामुळे हा शब्द हक्काला जोडला की हक्क कुठे तरी नाहीसा झाल्यासारखे वाटते. कायद्यात मालमत्तेची विल्हेवाट लावणे म्हणजे तिच्यातील आपला हक्क विक्री, बक्षीस, अदलाबदल, हक्कसोड किंवा मृत्युपत्र यांपैकी एखाद्या मार्गाने दुसऱ्याकडे जाऊ देणे. हक्क नाहीसा होत नाही, त्याचा धनी बदलतो. म्हणूनच पहिला प्रश्न असा येतो की, सही करताना देण्यासारखा हक्क आपल्या हाती होता काय?

1998 मध्ये तो नव्हता. स्वकष्टार्जित मिळकतीचे वडील एकटे मालक होते. ती ते विकू शकले असते किंवा मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकले असते. आपल्याजवळ होती ती केवळ पुढेमागे वारसा मिळण्याची आशा, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 6(अ) नुसार अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. त्या कागदामागे आपण मोबदला घेतला असेल, तर मात्र त्या आधारे आपल्याला अडवण्याचा प्रयत्न होऊ शकतो, हे आपल्या वकिलांना आधीच सांगून ठेवावे. जमीन वडिलोपार्जित असती, तर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला दिलेल्या जन्मसिद्ध हक्कामुळे विचार वेगळा करावा लागला असता.

वडिलांच्या मृत्यूनंतर मात्र हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 8 प्रमाणे आपला हिस्सा आपल्याकडे आला, म्हणजे सोडण्यासारखा हक्क निर्माण झाला. परंतु 100 रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतील हक्क संपुष्टात आणणारा दस्त नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 नुसार नोंदवावाच लागतो, आणि न नोंदवलेल्या दस्ताने कलम 49 मुळे मिळकतीवर परिणाम होत नाही. नोटरीचा शिक्का दुय्यम निबंधकाच्या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही, हे आपल्याकडे अजूनही अनेकांना पटत नाही. भाऊ कदाचित ‘आधी तोंडी घरगुती वाटणी झाली होती, हा कागद तिची केवळ याद, म्हणजे झालेल्या गोष्टीचे टिपण आहे’ असा बचाव घेतील. तशी याद नोंदवावी लागत नाही हे खरे, पण मुळात वाटणी झाली होती हे त्यांना सिद्ध करावे लागेल. फेरफाराचे, म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी होण्याचे म्हणाल, तर ती महसुली नोंद आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती खरी धरली जाते, तरी तिच्याने मालकी जन्मत नाही वा मरत नाही.

आता दाव्याची विल्हेवाट. न्यायालयात दावा ‘निकाली निघाला’ याचा अर्थ हक्काचा निर्णय झालाच असे नाही. गैरहजेरीत फेटाळलेला दावाही निकालीच निघतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 1 नुसार न्यायालयाची परवानगी न घेता दावा काढून घेतला, तर त्याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही. वाटपाच्या दाव्यांत न्यायालये याबाबत काहीशी सैल भूमिका घेतात, पण त्या भरवशावर राहू नये. ‘मग बघू’ या शब्दाखातर तर मुळीच नाही. भावांना खरेच मिटवायचे असेल, तर हिस्सा, सीमा आणि रक्कम लिहून, सर्वांच्या सह्यांनी, त्याच आदेशाच्या नियम 3 प्रमाणे तडजोड हुकूमनामा घ्यावा किंवा प्रकरण लोकअदालतीत ठेवावे. तेथील निवाड्यावर अपील चालत नाही, म्हणून मसुदा वाचूनच सही करावी. तोवर जमिनीची विक्री होण्याची भीती असेल, तर मनाई हुकमाचा अर्ज द्यावा आणि चालू दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी.