स्टॉल टेस्ट : दोष इंजिनाचा की टॉर्क कन्व्हर्टरचा?

प्रश्न : आमच्या बॅकहो लोडरची बकेट ढिगाऱ्यात घुसवली की मशिन ओढत नाही. फिटर म्हणतो कन्व्हर्टर गेला, पंप-नोझलवाला म्हणतो इंजिनात दम नाही. स्टॉल टेस्ट कशी करायची?

टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेतो : इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, त्यानं गिअरबॉक्सकडची टर्बाइन फिरते, आणि दोन्हींच्या मध्ये स्टेटर असतो. चाकं ब्रेकनं जखडून, गिअर टाकून पूर्ण एक्सलेटर दिला की इंजिन ज्या आरपीएमवर जाऊन अडतं, तो स्टॉल स्पीड. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा त्या इंजिन-कन्व्हर्टर जोडीचा असतो. दुसऱ्या मॉडेलचा आकडा उसना घेऊ नका.

आधी ट्रान्समिशन तेलाची पातळी बघा आणि मशिन चालवून तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवा. थंड तेलावरचा आकडा कामाचा नाही. न्यूट्रलमध्ये पूर्ण एक्सलेटर देऊन इंजिन मॅन्युअलमधल्या कमाल आरपीएमपर्यंत जातं का तेही पाहा. तिथंच कमी पडलं, तर एक्सलेटरची केबल किंवा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) आधी दुरुस्त करा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. क्रँक पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरनं मोजा, पण ही पट्टी इंजिन बंद असतानाच लावा.

मशिन मोकळ्या सपाट जागेवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, पुढे-मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. बऱ्याच बॅकहोंमध्ये हँडब्रेक ओढला की ड्राइव्ह आपोआप सुटतो, त्यामुळे मशिन पायाच्या ब्रेकवर धरावं लागतं, डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडल एकत्र जोडून. मॅन्युअलनं सांगितलेलाच गिअर टाका. तो बहुधा वरचा असतो, कारण त्यात चाकांवर जोर कमी येतो आणि ब्रेक टिकतात. मग पूर्ण एक्सलेटर द्या, टॅकोमीटरचा आकडा स्थिरावला की वाचा आणि एक्सलेटर सोडा. टर्बो इंजिनाला बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) भरायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबा. मॅन्युअलमध्ये वेगळं नसेल तर दहा सेकंदांपुढे जाऊ नका. चाक जरा हललं तरी लगेच सोडा.

पुढची पायरी लोक हमखास टाळतात. न्यूट्रलमध्ये १००० ते १२०० आरपीएमवर किमान दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. स्टॉलमध्ये टर्बाइन फिरत नसल्यानं इंजिनाची सगळी ताकद तेलात उष्णता होऊन उतरते. ५० किलोवॅट ताकद २० लिटर तेलात गेली तर सगळं तेल सेकंदाला सुमारे दीड अंशानं तापतं, आणि कन्व्हर्टरच्या आतलं थोडं तेल त्याहून कितीतरी वेगानं. इंजिन लगेच बंद केलं, तर ते तेल तिथंच करपतं आणि सीलं कडक होतात.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये २००० आरपीएम आहे, आम्हाला १८५० मिळाले. कन्व्हर्टर उतरवावा का?

नाही. कन्व्हर्टरला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १८५० ला २००० नं भागलं की ०.९२५, त्याचा वर्ग ०.८६. म्हणजे इंजिनाचा टॉर्क सुमारे १४ टक्के कमी आहे. एवढी घट तुंबलेला एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, फाटलेला टर्बो होज किंवा थकलेले नोझल सहज करतात. काळा धूर येत असेल तर हवेची बाजू आधी बघा. धूर नाही आणि दमही नाही, तर डिझेलची.

हाच आकडा १४०० असता तर गोष्ट वेगळी. ०.७ चा वर्ग ०.४९. निम्मा टॉर्क हरवलेलं इंजिन कुठल्याच वेगाला नीट ओढणार नाही. उलट, मशिन उठताना मेल्यासारखं आणि वेग घेतल्यावर ठीक वाटत असेल, तर स्टेटरचा वन-वे क्लच (त्याला एकाच दिशेला फिरू देणारा) घसरतोय. टर्बाइनमधून परतणारं तेल वळवून देणं हे स्टेटरचं काम. क्लचनं स्टेटर धरला नाही की तेल कन्व्हर्टरच्या पंपावर त्याच्या फिरण्याविरुद्ध आदळतं आणि इंजिनालाच ब्रेक लागतो.

बॅकहोवर एक चांगली उलटतपासणी आहे. न्यूट्रलमध्ये पूर्ण एक्सलेटर देऊन बकेट शेवटापर्यंत वळवून काही सेकंद धरा, म्हणजे हायड्रॉलिकचा भार येईल. याही वेळी आरपीएम मॅन्युअलपेक्षा खाली गेले, तर संशय इंजिनावर. फक्त हायड्रॉलिकचा मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) जास्त दाबावर बसवलेला नाही ना, ते गेजनं तपासा. हा आकडा बरोबर आणि कन्व्हर्टरचाच कमी असेल, तर गिअरबॉक्सकडे वळा.

प्रश्न : वणीजवळच्या खाणीत डंपर आहेत. मे महिन्यात सगळ्यांचाच स्टॉल थोडा कमी येतो. का?

हवा विरळ होते म्हणून. २५ अंशांऐवजी ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे ६ टक्के कमी असते. बिनटर्बोच्या इंजिनाचा टॉर्क तेवढा पडला तरी आरपीएम वर्गमुळानं, म्हणजे ३ टक्केच घटतात : २००० चे १९४०. टर्बो असेल तर फरक आणखी कमी. महाबळेश्वरच्या १३५० मीटर उंचीवरही असाच परिणाम दिसतो. त्यामुळे नोंदवहीत आरपीएमशेजारी हवेचं आणि तेलाचं तापमान लिहा, आणि एकाच दिवशी तपासलेल्या सारख्या डंपरांची आपसांत तुलना करा. बाकीच्यांपेक्षा १५० नं मागे असलेला डंपर खरा आजारी.

प्रश्न : स्टॉल जास्त आला तर?

मग इंजिन चांगलं आहे, काहीतरी घसरतंय. एकाच गिअरला जास्त असेल तर त्या गिअरचा क्लच पॅक (क्लच प्लेटांचा संच). सगळ्याच गिअरांना असेल तर तेल कमी, तेलात फेस, सक्शनची जाळी तुंबलेली किंवा ट्रान्समिशनच्या तेलपंपाचा दाब कमी. प्रेशर गेज लावल्याशिवाय काही उघडू नका. आणि घसरणाऱ्या क्लचवर टेस्ट पुन्हा पुन्हा करू नका, उरलेलं अस्तरही जळेल.

प्रश्न : स्टॉल बरोबर आला, म्हणजे कन्व्हर्टर निर्दोष?

तसं नाही. स्टेटर जाम झाला असेल तर स्टॉल बरोबरच येतो, कारण स्टॉलमध्ये तो स्थिरच असायला हवा. पण वेगात तो मोकळा फिरत नाही, म्हणून गाडी वरच्या वेगाला अडते आणि लांबच्या पल्ल्यात तेल तापतं.

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही ऑटोमॅटिक आहे. ब्रेक आणि एक्सलेटर एकत्र दाबले तर इंजिन चढतच नाही.

अनेक नव्या गाड्यांत ब्रेक दाबला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) एक्सलेटर कापतो किंवा टॉर्क मर्यादित करतो. तो आकडा कन्व्हर्टरचा नाही, सॉफ्टवेअरचा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ही टेस्ट दिलेली नसेल तर करू नका. स्कॅनर लावून बूस्ट, रेल प्रेशर (नोझलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि टर्बाइनचा वेग गाडी चालवतच बघा. गाडी एएमटी (साधा क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी) असेल तर तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. तिथं ही टेस्ट केली तर क्लच प्लेट जळेल.