शीतज्योत की शीतज्वाला?

ईथरसारख्या सेंद्रिय इंधनाची वाफ हवेत मिसळून बेताने तापवली असता अंधारात जी फिकट निळी ज्योत, म्हणजे शीतज्योत (इंग्रजीत cool flame), दिसते, तिच्या ज्वलनाला ‘धुमसणे’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. म्हणू नये. धुमसतो तो घन पदार्थ; त्याचा कोळसा झालेला पृष्ठभाग ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि धूर निघतो, म्हणून तर त्या शब्दात ‘धूम’ आहे. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१७च्या सुमारास तप्त प्लॅटिनमच्या तारेजवळ पाहिलेली ही ज्योत मात्र निखळ वायूतली. तरीही मंदपणे जळणारे काहीही हल्ली सरसकट ‘धुमसते’, याची चीड येते.

अधिक रंजक प्रश्न वेगळाच आहे. काही लेखक या शीतज्योतीला ‘शीतज्वाला’ म्हणतात. ज्वाला ज्वल् या संस्कृत धातूची, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाची, आणि ज्वल् हा ज्वर् धातूचाच, र-ल यांच्या अदलाबदलीने झालेला, सख्खा भाऊ. म्हणजे ज्वालेच्या अंगात मुळातच ताप आहे. यावर धातुपाठातील, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या जुन्या यादीतील, ‘ज्वल दीप्तौ’ (ज्वल् म्हणजे प्रकाशणे) तोंडावर फेकणाऱ्या पंडितांनी एवढे ध्यानात घ्यावे की, धातुपाठ एका शब्दात दिशा दाखवतो, धातूचा कुलवृत्तांत सांगत नाही. ज्योत ही ज्योतिस् शब्दातून, म्हणजे द्युत् धातूतून आलेली. तिला केवळ प्रकाशाशी कर्तव्य.

आणि रसायनशास्त्र येथे ज्योतीच्याच बाजूने साक्ष देते. इंधनाची मुक्तमूलके, म्हणजे रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे, ऑक्सिजनला धरतात, त्यातून बनलेली पेरॉक्साइडे (ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेली संयुगे) फुटून नवी मूलके देतात आणि अभिक्रिया वेग घेते. परंतु तापमान वाढले की मूलकाने धरलेला ऑक्सिजन पुन्हा सुटू लागतो, त्यामुळे ही अभिक्रिया स्वतःच्याच उष्णतेने मंदावते. कार्बन डायऑक्साइडपर्यंतची मजल बहुतांशी राहून जाते, आल्डिहाइडे (अर्धवट ज्वलनातून बनणारी संयुगे) व पेरॉक्साइडे मागे उरतात, आणि जो उजेड दिसतो तो उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा मिळालेल्या, फॉर्माल्डिहाइड या आल्डिहाइडचा असतो. उष्णता थोडी, पण उजेड आहे: याला ज्योत नाही तर काय म्हणावे?

साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या वस्तूला ‘शीत’ कसे म्हणता, असा आक्षेप काही जण घेतात. नेहमीच्या ज्वाला २००० अंशांच्या आसपास जातात. त्यांच्या शेजारी हे विशेषण चालते.