श्रावणातली सूज

धाकट्या डॉक्टरांस, अनेक आशीर्वाद.

शुगर-बीपी आटोक्यात असूनही तुझे म्हातारे पेशंट ‘बरं नाही’ म्हणतात, आणि तू वैतागलायस. माझी एक जुनी चूक ऐक.

माझ्याकडे एक आजी यायच्या. मधुमेह, रक्तदाब, दोन्ही गुडघे गेलेले. एरवी कागदावर सगळं ठीक, पण श्रावणात पाय सुजायचे. पथ्य मोडता म्हणून मी दोन वर्षं रागावलो. तिसऱ्या वर्षी सूनबाई हळूच म्हणाल्या, “सकाळी पोथीला जातात ना, म्हणून लघवीची गोळी घेत नाहीत.” ही गोळी अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढते; ती घेतली की दोन तासांत तीनदा उठावं लागे, आणि नाही घेतली की पाय सुजत. देवळात संडास नव्हता. असता तरी उकिडवं बसणार कशा? पाणीही कमी पीत होत्या. मी गोळी पोथीहून आल्यावर दुपारी घ्यायला सांगितली. घरी कमोडची खुर्ची आणली. पुढच्या श्रावणात चपला पायात नीट बसल्या.

तेव्हापासून मी आधी विचारतो, “हल्ली काय करायचं सोडलंत?” म्हाताऱ्या माणसाला रोजचं काय काय स्वतः जमतं हे बघायला डॉक्टर कॅट्झ यांनी १९६३ साली दिलेल्या यादीत सहा गोष्टी आहेत : अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण. ती पाठ कर. पण माणूस त्याच्या आधीच एकेक गोष्ट सोडत जातो. बँकेत जाणं, फोन लावणं, गोळ्यांचा हिशेब. एखादी बाई नऊवारी सोडून गाऊनवर आली, तर खांदा वर जातो का बघ. मधुमेहात खांदा आखडतो, आणि ती मात्र सांगते, “घरात कशाला लुगडं!”

बीपी झोपवून घे, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घे. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर हा पेशंट रात्री संडासला जाताना पडू शकतो. ‘आटोक्यात’ आणायच्या नादात आपणच पाडतो कधीकधी.

“आता देवानं न्यावं” हे आपल्याकडे बोलायची रीत म्हणून सोडून देतात. तू देऊ नकोस. झोप, भूक विचार, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का तेही सरळ विचार. दुखणं जुनं झालं की मन खचतं, मग गोळ्याही चुकतात. आणि ‘वय झालं’ हे निदान केसपेपरवर लिहिलंस तर मी पेन काढून घेईन.

तू लिहिलेल्या त्या आजोबांच्या घरी जाऊन ये. पलंगापासून संडास किती पावलांवर, मध्ये उंबरा आहे का, रात्री दिवा असतो का, ते कळव. औषधांची यादी नंतर बघू.